शाळेत आई म्हणायचं नाही

पहिलीच्या मिसनी दप्तर टेबलावर उलटं केलं. पुस्तकं पडली, डबा पडला. मग वाळलेल्या शेणीचा तुकडा, मूठभर सुका पाला आणि एक काडेपेटी पडली.

मिसनी नाकाला रुमाल लावला. मोठ्या मॅडम खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "शाळा जाळायला निघाली होती का ही?"

ही म्हणजे माझी मुलगी. दिव्या. वय सहा. टेबलाच्या पलीकडे तिचं नुसतं डोकं दिसत होतं, दोन वेण्यांचं. त्या वेण्या सकाळी मीच घातल्या होत्या.

मी ऑफिसच्या दारात उभी. हातात झाडू. मला आई म्हणून बोलावलं नव्हतं. टेबलावर शेण पडलंय, ते उचलायला बोलावलं होतं. बोईसरच्या त्या इंग्लिश मिडियम शाळेत मी मावशी होते. निळी साडी, गळ्यात कार्ड. पोरांना बाथरूमला न्यायचं, कुणी ओकलं तर पुसायचं, वर्ग झाडायचे.

"यांना दुसरं काय माहीत असणार," मिस म्हणाल्या. "जंगलातून उठून येतात. आगच लावणार."

माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी तिची कोण लागते हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी म्हणाल्या.

दिव्यानं माझ्याकडे बघितलं. ती काय बोलली ते जसंच्या तसं सांगते. म्हणाली, "मावशी, माती भाजायची राहिली होती. म्हणून आणला."

मावशी. पोटची पोर, मला.

आणि मी काय बोलले? "सॉरी मॅडम" बोलले. शेणी सुपलीत भरली, पाला भरला. काडेपेटी मोठ्या मॅडमनी ड्रॉवरमध्ये टाकली. टेबल मी ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं. एकदा पुसलेलं त्यांना चाललं नसतं.

आता तुम्ही विचाराल, पोरगी आईला मावशी का म्हणते. सांगते. यात दोष माझाही आहे आणि मी तो लपवणार नाही.

त्या शाळेत मी आधी कामाला लागले. नंतर गरिबांना पंचवीस टक्के जागा द्यायच्या कायद्यातून दिव्याचा तिथंच छोट्या शिशूत नंबर लागला. सोडतीत नाव आलं तेव्हा मी पाड्यावर फोन करून करून सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी बोलावलं. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "हे बघा, बाकीचे पालक फी भरतात. शाळेच्या मावशीची मुलगी आपल्या मुलांशेजारी बसते हे काहींना आवडणार नाही. आणि मुलं चिडवतील तिला. तिच्याच भल्यासाठी सांगते. शाळेत तिनं तुम्हाला आई म्हणायचं नाही. सगळी मुलं मावशी म्हणतात, तीही म्हणेल."

मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, उपकार वाटले मला. बाईनं केवढा विचार केला माझ्या पोरीचा, असं वाटलं. इतकी मी मूर्ख.

मग घरी तालीम. चार वर्षांची पोर पुढ्यात बसवायची आणि विचारायचं, शाळेत मी कोण? ती म्हणायची, आई. की हातावर चापट. शाळेत मी कोण? आई. पुन्हा चापट. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मावशी. मी तिला क्रीमचं बिस्किट दिलं. मॅडमनी नुसतं सांगितलं होतं. शिकवलं मी.

मोठ्या शिशूत असताना ती एकदा मैदानात पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. ती ओरडली, "आई". मी दहा हातांवर उभी होते. हलले नाही. आजूबाजूला मिस होत्या, दोन पालक होते. तिनं माझ्याकडे बघितलं, रडं गिळलं आणि म्हणाली, "मावशी." मग मी धावले.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आता तुम्हाला सांगते, कारण ही लाज एकट्या माझ्या बोकांडी का?

तर काडेपेटीचं. या शाळेत एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं. मेच्या सुट्टीआधी आयांचा कार्यक्रम असतो. पोरं आईसाठी भेट बनवतात. यंदा पहिलीला बी कसं रुजतं हा धडा होता, म्हणून मिसनी ठरवलं, प्रत्येकानं कागदी कप रंगवायचा, त्यात झेंडूचं बी लावायचं, आणि रोप आलं की आईला द्यायचं. कपात घालायला दुकानातून तपकिरी भुसा आणला होता, पाकिटातला. माती नव्हेच ती.

दिव्या त्या संध्याकाळी घरी आली ती काळजीतच. म्हणाली, "मिसनी माती भाजलीच नाय. अशीच बी टाकली. मिसला म्हाईतच नाय."

तिला माहीत होतं. का माहीत होतं? कारण माझी आय पाड्यावर भात लावते. डोंगराच्या उतारावर जरा तुकडा आहे, पावसावरचा. उन्हाळ्यात आमच्याकडे राब भाजतात. जिथं भाताचं रोप काढायचं तिथं शेण पसरायचं, वर झाडांचा टहाळ, वर सुका पाला, गवत, वर पातळ माती, आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. मातीतलं तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. मग पावसाला त्यात भात पेरायचा. आमच्यात भाजल्याशिवाय बी पडत नाही. दिव्या चालायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात आजीच्या मागं पाल्याची पाटी घेऊन फिरते. पोरीच्या डोक्यात पक्कं बसलेलं की कच्च्या मातीत पेरलं तर आजी ओरडते.

मी भांडी घासत होते. ती म्हणाली, "उद्या मी भाजते." मी म्हटलं, हां हां. लक्षच नव्हतं माझं. तिनं कोपऱ्यातली शेणी फोडली, पाला गोळा केला, गॅसजवळची काडेपेटी घेतली आणि दप्तरात भरली. आईला द्यायचं रोप नीट यावं म्हणून. एवढाच तिचा गुन्हा.

सहा वर्षांच्या पोरीनं शाळेत काडेपेटी आणू नये, मान्य. हे तिला जवळ बसवून सांगता आलं असतं. धडा बियाचा होता. वर्गातल्या तीस पोरांत एकटीला पेरणी माहीत होती, तिला विचारता आलं असतं की बाळ, का भाजायची माती? कुणी विचारलं नाही. इथं एमआयडीसीत कंपनीला आग लागली की भोंगा वाजतो, आकाश काळं होतं, आणि हीच माणसं खिडक्या लावून टीव्ही बघत बसतात. त्यांना भीती वाटली ती माझ्या पोरीच्या शेणीची.

शिक्षा झाली. तिचा कप काढून घेतला. भेट बनवायच्या तासाला तिला मागच्या बाकावर एकटं बसवायचे. मी वर्ग झाडायला जायचे तेव्हा खिडकीत एकोणतीस कप दिसायचे, नावं लिहिलेले. रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे दिलं होतं. घातलं मी. एकोणतीस आयांच्या झेंडूला पाणी घातलं.

नवऱ्याला सांगितलं. तो कंपनीत कंत्राटावर, बारा तासांची ड्युटी. म्हणाला, "गप राहा. इंग्लिशमधे शिकते ना, बास."

रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. आय राबाच्या जागेवर पाला पसरत होती. दिव्यानं सगळं सांगितलं, काडेपेटी, टेबल, कप. आय ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरोबर केलंस बाय. भाजल्याबिगर कसा पेरायचा? फक्त मोठा माणूस संगती पाहिजे."

पोरगी खूश. लगेच पाटी घेऊन पळाली. आणि तिकडून हाक मारली, "मावशी, इकडं ये, पाला जड हाय."

मी "आले" म्हणून उठले सुद्धा. मला काही वाटलंच नाही. आय मात्र तिथंच थांबली. हातातला टहाळ तिनं खाली ठेवला.

"कोणाला बोलली ती?"

"मला."

"मावशी?"

मी सांगितलं. शाळेत तसं म्हणायचं असतं, मॅडमनी सांगितलंय, चुकून इथं आलं तोंडात. आय शिकलेली नाही. वाडीवाल्यांकडं जन्मभर राबली, दारात बसून जेवली. मला वाटलं तिला समजेल. आमच्या लोकांना असलं सगळं समजून घ्यायची सवयच आहे.

ती म्हणाली, "आमाला लोकांनी ओट्यावर बसू नाय दिला. पण माजी पोर मलाच आय बोलायची. ता कोणी नाय काढून घेतला. तू तर स्वताच्या हातानं दिलास."

एवढंच बोलली आणि पाला पसरायला लागली. मी खूप चिडले तिच्यावर. तुला काय माहीत शहरात कसं राहावं लागतं, असं मनात दहा वेळा म्हटलं. परत येताना टमटममध्ये दिव्या मांडीवर झोपली होती. तिच्या तोंडाकडे बघवेना मला. राग आयचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस दिव्या उड्या मारत आली. म्हणाली, मला कार्ड द्यायचं आहे, मोठं, लाल हृदयाचं, मिसनी माझ्या हाताचा ठसा घेतला त्यावर, कोणाला द्यायचं ते मिस त्या दिवशी सांगणार आहेत. मला वाटलं, चला, मिसला दया आली असेल. कप नाही तर कार्ड. तिथं माझी पोर मला काहीतरी देईल. खोटं कशाला सांगू, मी आदल्या दिवशी निळ्या साडीला इस्त्री केली. केसांना तेल लावून अंबाडा नीट घातला. आरशात बघितलं.

शनिवारी सकाळी सहाला शाळेत गेले. हॉल झाडला, पुसला. दीडशे खुर्च्या मांडल्या. पहिल्या रांगेला पांढरी कव्हरं घातली. त्यातल्या मधल्या खुर्चीवर ताईंच्या नावाचा कागद चिकटवला. ताई म्हणजे ट्रस्टींची बायको. एडवणकडे त्यांची वाडी, बोईसरला बंगला. सगळे त्यांना ताईच म्हणतात, त्यांच्या आईच्या वयाचे शिपाईसुद्धा.

आया आल्या. चांगल्या साड्या, अत्तराचे वास. पोरांनी इंग्लिश गाणं म्हटलं. मग एकेक पोर पुढं यायचं, कप द्यायचं, आई पापा घ्यायची, फोटो निघायचा. मी कोकम सरबताचा ट्रे घेऊन रांगांमधून फिरत होते. कुणाला कोकम आंबट लागलं, कुणाला गोड.

मग मिसनी माईक घेतला. म्हणाल्या, "आता एक खास क्षण. ही दिव्या. आपल्या शाळेत शिकणारी एक गरीब आदिवासी मुलगी. हिची आई आज येऊ शकली नाही. पण ज्यांच्यामुळे हिला शिक्षण मिळतंय, त्या आपल्या ताई हिच्या आईच आहेत. दिव्या, आईला कार्ड दे बेटा."

टाळ्या वाजल्या.

शिक्षण कायद्यानं मिळतंय. ताईंच्या वाडीतून नाही. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा कानात एकच वाक्य वाजत होतं. हिची आई येऊ शकली नाही. मी मिसपासून चार खुर्च्यांच्या अंतरावर उभी होते. त्यांच्या हातातला ग्लास मीच दिलेला होता.

दिव्या हलली नाही. मिसनी पाठीला हात लावून जरा ढकललं. दिव्यानं माझ्याकडे बघितलं. सगळ्या हॉलमधून सरळ माझ्याकडे. ती विचारत होती. तोंडानं नाही, पण विचारत होती.

मी मान खाली घातली.

हो. तेव्हासुद्धा. आयनं सुनावल्यावरसुद्धा. दोन वर्षांची सवय, मान आपोआप खाली जाते. ट्रेमधल्या ग्लासांकडे बघत राहिले.

पोरीला उत्तर मिळालं. ती शहाणी आहे. ती वळली, ताईंकडे गेली, कार्ड पुढं केलं. ताईंनी हसून हात पुढं केला. मिस म्हणाल्या, "से, थँक्यू मम्मी."

आणि दिव्यानं तोंड उघडलं, म्हणायला. ती म्हणणार होती. मी चापट मारून मारून तिला तयारच केलं होतं तसं, ज्याला जे म्हणायला सांगतील ते म्हणायचं.

"थांब," मी म्हटलं.

इतका मोठा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. ट्रे मी बाजूच्या खुर्चीवर ठेवला. पुढं गेले. रागात मला शाळेचं मराठी येत नाही, पाड्याचंच येतं. तेच आलं.

"हिची आई आलेय. सकाळी सहाला आलेय. तुमी बसलाव त्या खुर्च्या मी मांडल्या. हिची आई मी हाय."

मिस माईकवर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, प्लीज. आत्ता नको. नंतर बोलू."

"मावशी नाय. आई."

कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "मुलांचा कार्यक्रम आहे, सीन कशाला करायचा?" मला ऐकू यावं असंच म्हणाल्या. मी त्यांच्या मुलाची चड्डी तीनदा बदलली आहे. ताईंनी पुढं केलेला हात मागं घेतला, पर्समधून ओला रुमाल काढला आणि बोटं पुसली. कार्डाला अजून हातही लागला नव्हता त्यांचा.

ताईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पांढऱ्या कव्हरची. मी बसले. त्या शाळेत मी तोवर खुर्चीवर कधी बसले नव्हते.

दिव्या समोर उभी. तिला काही कळेना. मी म्हटलं, "दे."

"शाळेत हाय ना आपण," ती हळू बोलली.

"शाळेतच दे. शाळेत मी कोण?"

तिनं आधी माझ्या हाताकडे बघितलं. चापट येते का ते बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही, विसरायचंही नाही. मग ती म्हणाली, "आई." आणि कार्ड दिलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला होता. मिसनी पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

कार्यक्रम संपल्यावर ऑफिसात बोलावलं. मोठ्या मॅडमचा आवाज पुन्हा गोड. म्हणाल्या, "ताई मनानं मोठ्या आहेत. माफीपत्र लिहून द्या, विषय संपला. नाहीतर सोमवारपासून येऊ नका. आणि मुलीचाही विचार करा. तिला इथं जमत नाहीये, असं मिसचं मत आहे. आग लावण्याचा प्रकार माझ्याकडे नोंद आहे." ड्रॉवर उघडून त्यांनी काडेपेटी दाखवली.

मी म्हटलं, "कागद द्या."

त्यांना वाटलं झालं. कागद दिला, पेन दिलं. मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले आहे, अक्षर चांगलं आहे माझं. मी लिहिलं: मी दिव्याची आई आहे. आज शाळेत आयांचा कार्यक्रम झाला. मी हजर होते. माझी मुलगी यापुढे शाळेत मला आई म्हणेल. तिला कायद्यानं जागा मिळाली आहे, तिला कुणीही काढू शकत नाही. खाली सही केली. म्हटलं, "याची पोच द्या. शिक्का मारून."

"कसली पोच? हे माफीपत्र आहे का?"

"नाय. पालकाचा अर्ज हाय."

मॅडम देईनात. मी उठेना. अर्धा तास बसले. बाहेर आया, पोरं, गाड्या. शेवटी क्लार्कनं झेरॉक्सवर शिक्का मारला आणि माझ्या अंगावर टाकल्यासारखा दिला. गळ्यातलं कार्ड काढून मी टेबलावर ठेवलं. निळी साडी घरी जाऊन धुतली, वाळवली, सोमवारी त्याच क्लार्ककडे दिली. त्यांची एकही वस्तू मला माझ्याकडे नको.

आता मी एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाते. उभं राहून काम, रात्री पाय सुजतात. नवरा आधी आठ दिवस धुसफुसत होता. दिव्याच्या तोंडात अजून कधी कधी मावशी येतं. मी रागवत नाही. चुकीची पोरगी नाही, शिकवणारी चुकीची होती. मी फक्त थांबते, ती आठवून बरोबर म्हणेपर्यंत.

सुट्टीनंतर शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. पुढच्या गेटवर, जिथं गाड्या थांबतात आणि पालक उभे राहतात. वॉचमन बिहारचा, भला माणूस, पण त्यालाही सवय. तो म्हणाला, "मावशी, इधर से नहीं. पीछे के गेट से."

मी म्हटलं, "मावशी नहीं हूँ. दिव्या की माँ हूँ. इधर से ही जाऊँगी."

त्यानं आत फोन लावला. मी उभी राहिले. मागं गाड्यांचे हॉर्न. मिस आतून बघत होत्या. पाच मिनिटांनी गेट उघडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज माझी पाच मिनिटं खातात, रोज मला कंपनीत उशीर होतो, सुपरवायझर बोलतो. खाऊ देत. दिव्या आता कुठं पहिलीत आहे. कायद्यानं जागा आठवीपर्यंत आहे. इथून पुढची सगळी वर्षं, शाळेचा प्रत्येक दिवस, मी त्याच गेटवर येणार आणि माझी पोर सगळ्यांदेखत मोठ्यानं हाक मारून आत जाणार. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी आपल्या पोरांची शाळा बदलावी.